स्वतःची अनुदिनी: रोजचे ताप, अवचित लाभ

– प्रतिनिधी

महाजालावर स्वतःची अनुदिनी, म्हणजेच ब्लॉग, सुरू करण्यास पाच मिनिटे पुरतात, असे ही सेवा देणाऱ्या कंपन्या सांगतात आणि ते खरेही आहे. ती पाच वर्षे चालवणे हे मात्र निराळे काम आहे. संपादकाची परवानगी नको, छपाईचा खर्च नाही, शब्दमर्यादेचे बंधन नाही आणि 'साभार परत'ची भीती नाही, ही या माध्यमाची चार आकर्षणे. परंतु संपादक, मुद्रितशोधक, वितरक, कायदा सल्लागार, हिशेबनीस आणि ग्रंथपाल या सहा जणांची कामे एकट्या लेखकाच्या अंगावर येतात, ही त्याची दुसरी बाजू. पहिल्या पाच कामांचा ताप रोज जाणवतो. सहाव्याची, म्हणजे जतनाची, आठवण बहुधा लेखन नाहीसे झाल्यावरच होते.

नाव आणि उगम

अमेरिकेतील जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये 'वेबलॉग' हा शब्द प्रथम वापरला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गमतीने तो 'वी ब्लॉग' असा तोडला आणि त्यातून 'ब्लॉग' हे सुटसुटीत नाव रूढ झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने 'ब्लॉगर' ही सेवा सुरू केली. फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली. मे २००३ मध्ये मॅट मलनवेग व माइक लिटल यांची 'वर्डप्रेस' ही मुक्त आज्ञावली आली. पान कसे बांधावे याचे तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसालाही आपले लेखन जगापुढे ठेवणे या दोन साधनांमुळे शक्य झाले.

मराठीत या प्रकाराला 'अनुदिनी' आणि रोजनिशीच्या धर्तीवर 'जालनिशी' असे प्रतिशब्द मिळाले. व्यवहारात 'ब्लॉग' हाच शब्द टिकला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी अनुदिन्यांना बहर आला. पुण्या-मुंबईतील लेखकांइतकेच परदेशी स्थायिक झालेले मराठीजनही त्यात हिरिरीने उतरले. 'मराठीब्लॉग्ज डॉट नेट'सारख्या स्थळांवर नव्या नोंदींची यादी एकत्र पाहायला मिळे. स्टार माझा वाहिनीने 'ब्लॉग माझा' नावाची स्पर्धाही घेतली होती. नोकरी, संसार, प्रवास, पाककृती, गडकिल्ल्यांच्या वाटा, शाळेच्या आठवणी असे नानाविध विषय या लेखनात आले आणि त्यातील बराच भाग कधीच छापला गेला नाही.

पहिला अडथळा: अक्षरे

इंग्रजी ब्लॉगलेखकाला ज्याचा विचारही करावा लागला नाही, तेथून मराठी लेखकाची अडचण सुरू झाली. पूर्वी मराठी मजकूर 'शिवाजी', 'श्रीलिपी' यांसारख्या टंकांत लिहिला जाई. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. वाचकाच्या संगणकात नेमका तोच टंक नसेल, तर त्याला मराठीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक खच दिसे. अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे वाचण्यासाठीही त्या काळी आधी टंक उतरवून घ्यावा लागत असे.

यावर उतारा ठरला तो युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीचा. तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये आली. तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र विभाग आहे. मात्र प्रणाली असणे आणि ती घरच्या संगणकात चालणे यांत बरेच अंतर होते. विंडोज २००० या आवृत्तीपासून देवनागरीचा आधार मिळाला, तरी पुढच्या विंडोज एक्सपीवर तो मूळ तबकडी घालून वेगळा बसवावा लागे. ज्याच्याकडे तबकडी नाही, त्याच्या पडद्यावर अक्षरांऐवजी चौकटी उमटत किंवा वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटत. 'तुमचा लेख दिसत नाही' हा त्या काळातील अनुदिन्यांवरचा नेहमीचा प्रतिसाद होता.

टंकलेखनाचा प्रश्न वेगळाच होता. सरकारमान्य 'इनस्क्रिप्ट' कळफलक १९८६ पासून उपलब्ध होता, परंतु तो शिकण्यासाठी सवड काढणारे थोडे. बहुतेकांनी 'बरहा' किंवा 'गमभन' यांसारख्या साधनांच्या आधारे रोमन कळा दाबून उच्चारानुसार मराठी लिहिण्याचा मार्ग पत्करला.

यानंतरही मराठीच्या खास खोड्या उरतातच. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. यांतील दुसऱ्या शब्दातला अर्धा 'र' संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्यापूर्वी 'अ'वर चंद्र चढवून काम भागवले जाई. परिणामी जुन्या लेखातील 'ॲ'चा शब्द नव्या पद्धतीने शोधला, तर लेख समोर असूनही सापडत नाही, असा अनुभव येऊ शकतो. मुद्रितशोधकाच्या नजरेला न दिसणारी ही चूक आहे.

वाचक कोठून येतो?

पान वाचले गेले की नाही हे सांगणारा आकडा हा ब्लॉगलेखकाचा पहिला आनंद आणि पहिला मनस्ताप. सुरुवातीच्या दिवसांतील भेटींत लेखकाच्या स्वतःच्याच भेटी किती, हे वगळायला तो विसरतो. पुढे परदेशातून अचानक शेकडो भेटी दिसू लागतात. त्यांतील अनेक माणसांच्या नसून पाने चाळत फिरणाऱ्या स्वयंचलित यंत्रणांच्या असतात.

खरे आश्चर्य त्यानंतरचे. तीन रात्री जागून लिहिलेला चिंतनपर लेख दहा जण वाचतात आणि सहज म्हणून टाकलेली उकडीच्या मोदकांची कृती, एखाद्या किल्ल्यावर जाणाऱ्या एसटीची माहिती किंवा अर्जाचा नमुना वर्षानुवर्षे वाचला जातो. याचे कारण साधे आहे. वृत्तपत्राचा वाचक पान उलटताना लेखाला भेटतो, तर अनुदिनीचा बहुतांश अनोळखी वाचक शोधयंत्रातून, स्वतःची गरज घेऊन येतो. त्याला लेखक कोण याच्याशी कर्तव्य नसते. त्याला उत्तर हवे असते. मोदकांच्या पानाला भाद्रपदात आणि किल्ल्याच्या पानाला पावसाळ्यात गर्दी होते ती याचमुळे. आपण कशासाठी लिहितो आणि लोक आपल्याकडे कशासाठी येतात, यांतील फरक इतक्या स्पष्ट आकड्यांत अन्य कोणत्याही माध्यमाने सामान्य लेखकाला दाखवला नव्हता.

नियमित वाचकांसाठी दुसरी सोय होती. वर्गणी लावल्याप्रमाणे आवडत्या अनुदिन्यांचे नवे लेख एकाच ठिकाणी वाचता येत. त्यासाठीची गूगल रीडर ही लोकप्रिय सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. तोवर वाचकही फेसबुककडे आणि पुढे व्हॉट्सॲपकडे वळले होते. मे २०२४ पासून गूगलने अमेरिकेत आणि त्याच वर्षी भारतात शोधाच्या निकालांवरच यंत्राने तयार केलेला गोषवारा देण्यास सुरुवात केली. उत्तर तेथेच मिळाले, तर ते ज्याने मुळात लिहिले त्याच्या पानापर्यंत वाचक पोहोचतोच असे नाही.

प्रतिसादांची खिडकी

लेखाखाली प्रतिसाद देण्याची सोय हा या माध्यमाचा प्राण. वृत्तपत्राला पत्र लिहून ते छापून येण्याची वाट पाहणाऱ्या वाचकाला येथे लगेच बोलता येते. बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेल्या शाळेच्या आठवणीवर त्याच शाळेच्या दुसऱ्या पिढीतील विद्यार्थ्याचा प्रतिसाद यावा, गावावरच्या लेखामुळे दुरावलेले नातलग पुन्हा संपर्कात यावेत, असे अवचित लाभ याच खिडकीतून होतात.

याच खिडकीतून कचराही येतो. औषधे, जुगार आणि बनावट वस्तूंच्या जाहिराती प्रतिसादांच्या रूपाने टाकण्याचा उद्योग २००३-०४ पासून बोकाळला. त्यामागचा हेतू वाचकाला भुलवणे हा नव्हताच. अधिक ठिकाणी दुवे दिसले की शोधयंत्रात क्रमांक वर चढतो, हे त्यामागचे गणित होते. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू व मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांनी एकत्र येऊन अशा दुव्यांना क्रमवारीत वजन न देण्याची खूण मान्य केली. त्याच वर्षी वर्डप्रेसच्या कर्त्यांनी 'अकिस्मेट' ही गाळणी आणली. कचरा थांबला नाही, पण तो झाडण्याचे कष्ट कमी झाले. 'मी यंत्र नाही' हे सिद्ध करण्यासाठी वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावणाऱ्या परीक्षेने मात्र खऱ्याखुऱ्या वाचकांनाही परत पाठवले.

संकटकाळात याच खिडकीचा उपयोग मदत केंद्रासारखा झाला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर काही ब्लॉगलेखकांनी एकत्र येऊन बेपत्ता व्यक्ती, मदतकार्य व देणग्या यांची माहिती देणारी सामाईक अनुदिनी उभी केली. जुलै २००६ च्या मुंबईतील रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर 'मुंबई हेल्प' या अनुदिनीने जखमींची नावे व रुग्णालयांचे दूरध्वनी क्रमांक पुरवण्याचे काम केले.

नाव गळलेले लेखन

मराठी ब्लॉगलेखकांची सर्वांत जुनी तक्रार म्हणजे ढकलपत्रे. विनोदी लेख किंवा हळवी आठवण कोणीतरी उचलतो, खालचे नाव पुसतो आणि ईमेलने शंभर जणांना पाठवतो. काही दिवसांनी तोच लेख मूळ लेखकाकडे 'नक्की वाचा' या शिफारशीसह परत येतो. व्हॉट्सॲप आल्यावर हा प्रवास तासांवर आला. अनेकदा लेखाखाली एखाद्या थोर दिवंगत साहित्यिकाचे नाव चिकटवले जाते. पु. ल. देशपांडे यांच्या नावावर असे परके लेखन बरेच फिरते.

महाजालावर टाकलेले लेखन सर्वांच्या मालकीचे होते, हा समज चुकीचा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये मूळ साहित्यकृती लिहिली जाताच लेखकाला हक्क मिळतो आणि तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. २०१२ च्या दुरुस्तीनुसार हक्कधारकाने लेखी तक्रार केल्यास, ज्या सेवेवर चोरीचा मजकूर आहे तिने तो २१ दिवसांसाठी उपलब्ध करून देणे थांबवावे, अशी तरतूद आहे. २०१३ च्या नियमांत त्यासाठी ३६ तासांची मुदत दिली आहे. त्या २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर पुन्हा दिसू शकतो. अनुदिनीवरील नोंदीची तारीख अशा वादात उपयोगी पडते. घराघरांतील भ्रमणध्वनींवर फिरणाऱ्या संदेशांपुढे मात्र ही तरतूद तोकडी पडते.

कायद्याचा बडगा

आपली अनुदिनी म्हणजे आपली खासगी वही, हा दुसरा गैरसमज. २००५ साली एका व्यवस्थापन संस्थेच्या जाहिरातींतील दाव्यांवर टीका करणाऱ्या लेखाचा दुवा देणाऱ्या ब्लॉगलेखकाला कायदेशीर नोटीस आली. वाद आपल्या कंपनीपर्यंत पोहोचल्याने त्याने नोकरीचा राजीनामा दिला. २००८ साली ऑर्कुटवरील एका गटात राजकीय पक्षाविरुद्ध मजकूर आल्याबद्दल गट चालवणाऱ्या केरळमधील विद्यार्थ्यावर ठाणे जिल्ह्यात गुन्हा नोंदवला गेला. फेब्रुवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. आपल्या पानावर इतरांनी लिहिलेल्या मजकुराचीही झळ बसू शकते, हा त्यातील धडा.

जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारने मोजकी पाने बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा इंटरनेट सेवा देणाऱ्या अनेक कंपन्यांनी नेमकी पाने वेगळी न काढता ब्लॉगस्पॉटचा संपूर्ण पत्ताच अडवला. त्यामुळे पाककृती लिहिणाऱ्यांच्या अनुदिन्याही काही दिवस दिसेनाशा झाल्या.

माहिती तंत्रज्ञान कायद्यातील वादग्रस्त कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमधील दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून झालेली अटक त्या लढ्याला निमित्त ठरली होती. कलम गेले, तरी अब्रुनुकसानीचा कायदा कायम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३५६ मध्ये आहे.

जमाखर्च

अनुदिनीवर पोट भरेल, ही आशा मराठीत फारशी फळली नाही. गूगलच्या ॲडसेन्स या जाहिरात सेवेने हिंदीला २०१४ च्या अखेरीस आणि मराठीला २०१८ साली मान्यता दिली. म्हणजे मराठी अनुदिन्यांचा बहराचा काळ सरल्यावर ही दारे उघडली. स्वतःचे नाव असलेला पत्ता आणि साठवणुकीची जागा घ्यायची, तर दरवर्षी पैसे भरावे लागतात. नूतनीकरणाची तारीख चुकली, तर तोच पत्ता दुसरा कोणी घेऊ शकतो. ब्लॉगर आणि वर्डप्रेसची प्राथमिक सेवा विनामूल्य आहे. तिची किंमत वेगळ्या रूपाने मोजावी लागते.

भाड्याचे घर

ती किंमत म्हणजे अस्थैर्य. विनामूल्य अनुदिनी हे भाडे न घेणाऱ्या मालकाचे घर असते आणि त्याने घर पाडायचे ठरवले, तर भाडेकरूला केवळ सूचना मिळते. याहूने जिओसिटीज ही सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. पोस्टरस एप्रिल २०१३ मध्ये, तर टाइपपॅड ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. मूळ सेवा चालू राहिली, तरी तिचे खांब निखळतात. २०१७ मध्ये फोटोबकेट या स्थळाने मोफत खातेदारांची छायाचित्रे अन्य पानांवर दाखवणे थांबवले आणि असंख्य प्रवासवर्णने रातोरात चित्रहीन झाली. २०१९ मध्ये गूगल प्लस बंद होताना त्यामार्फत ब्लॉगरवर आलेले प्रतिसादही गेले.

सर्वांत बोलका प्रसंग भारतीय वाचकांशी निगडित आहे. २०१२ च्या सुमारास गूगलने भारतातील वाचकांना 'ब्लॉगस्पॉट डॉट इन' या पत्त्याकडे वळवण्यास सुरुवात केली. साहजिकच लोकांनी तेच दुवे जतन केले, इतर लेखांत दिले. २०२० मध्ये या पत्त्याची नोंदणी गूगलच्या हातून निसटली आणि ती दुसऱ्याच कोणी घेतली. लाखो दुवे निकामी झाले. लेख 'डॉट कॉम'वर शाबूत होते, पण तेथे जाणारी वाट मोडली होती.

जतनासाठी काय करावे?

छापील पुस्तकासाठी १९५४ पासून कायदा आहे. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवणे बंधनकारक आहे. एखादे सामान्य पुस्तकही त्यामुळे शंभर वर्षांनी अभ्यासकाला सापडू शकते. अनुदिनीसाठी असे कोणतेही कपाट ठेवलेले नाही. ग्रंथपालाचे सहावे काम लेखकालाच करावे लागते. ते अवघड नाही.

१. ब्लॉगर व वर्डप्रेस या दोन्हींत सर्व नोंदी व प्रतिसाद एका धारिकेत उतरवून घेण्याची सोय आहे. ती वर्षातून किमान दोनदा वापरावी. छायाचित्रांच्या मूळ प्रती वेगळ्या ठेवाव्यात.

२. लेख आधी स्वतःच्या संगणकावर लिहून मग अनुदिनीवर चढवावा. प्रत आपल्याकडे राहते.

३. अमेरिकेतील 'इंटरनेट आर्काइव्ह' ही संस्था १९९६ पासून महाजालावरील पानांच्या प्रती साठवते. तिच्या 'वेबॅक मशीन'वर आपल्या लेखाचा पत्ता देऊन प्रत नोंदवता येते. बंद पडलेल्या अनुदिन्यांतील जुने लेखही तेथे अनेकदा सापडतात.

४. दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले व डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. लिहिणे थांबले असले, तरी खात्यात अधूनमधून प्रवेश करावा.

५. आपल्यामागे खात्याचे काय व्हावे, हे ठरवण्याची सोय गूगलने २०१३ पासून दिली आहे. घरातील विश्वासू व्यक्तीचे नाव तेथे नोंदवावे. लेखकाच्या निधनानंतर परवलीचा शब्द कोणालाच माहीत नाही, अशी वेळ येऊ देऊ नये.

६. निवडक लेखांची छापील प्रत काढून बांधून ठेवावी. कागदाला परवलीचा शब्द लागत नाही.

मराठी माणसे पंचवीस वर्षांपूर्वी संगणकाशी कशी झगडत होती, परदेशातील पहिल्या गणपतीत नैवेद्याला काय केले, गावचा रस्ता होण्यापूर्वी पाण्याची वाट कोठून होती, हे इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येते. ते या अनुदिन्यांत आहे. लिहिणाऱ्यांनी आपल्या जुन्या नोंदींची प्रत या आठवड्याच्या सुट्टीत उतरवून घेतली, तरच ते पुढच्या पिढीला वाचता येईल.